खाकी गणवेशाविना पुन्हा ओळख घेण्याबाबत

प्रति,
मा. निराश्रित बालक अधिकारी,
निराश्रित बालक संगोपन कक्ष,
औरंगाबाद.

विषय : छाया बालगृहात ठेवलेली मुलगी 'मिर्याम' व अर्भक 'बेवारस, पुरुष' यांची त्यांच्या आईसमक्ष पुन्हा ओळख घेणेबाबत, त्या वेळी खोलीत खाकी कपड्यातील कोणीही नसणेबाबत, आणि तोपर्यंत आईस अर्भकाला दूध पाजू देणेबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाचे पत्र क्र. निबा/कावि/२१४, दिनांक ९ जून १९८९.

महोदय,

आपल्या वरील पत्रात या दोन मुलांविषयी जे लिहिले आहे ते सर्व नोंदींप्रमाणे बरोबर आणि वस्तुस्थितीप्रमाणे चूक आहे. असे कसे झाले ते मला सांगता येईल, कारण मुलीने पोलिसांना जे सांगितले ते तिला मी शिकवले होते.

१. मी रसायनशास्त्राचा पदवीधर असून चिकलठाण्याच्या एका औषध कारखान्यात तपासणी विभागात उमेदवारी करतो. सुट्टीच्या दिवशी गारखेड्यातील शांतिदीप मंडळी या चर्चच्या बालसेवेत विनावेतन काम करतो. रविवारच्या शाळेत मुलांकडून बायबलची वचने पाठ करून घेणे, गाणी शिकवणे, उन्हाळ्यात सुट्टीची बायबल शाळा चालवणे, असे ते काम आहे. या शाळेला चर्चची मुले येतात, तशी शेजारच्या बांधकामांवरील मजुरांचीही येतात. तिथे सावली असते आणि शेवटी केळे मिळते. कोणाचा धर्म कोणता हे आम्ही विचारत नाही आणि त्यांचे आईबापही विचारत नाहीत.

२. मुलीचे खरे नाव गोदा. अर्भकाला घरात बाळ्या म्हणतात. तो सहा महिन्यांचा आहे, बारसे राहून गेले आहे. वडील सांडू कारभारी थोरे, आई आवडाबाई. मूळ राहणार गंगापूर तालुका, सध्या गारखेड्यात स्लॅबच्या कामावर. आवडाबाई माल वाहत असताना गोदा भावाला कडेवर घेऊन आमच्या शाळेत येत असे. ती सात वर्षांची आहे आणि भावाला खाली ठेवत नाही. गाण्याच्या वेळी टाळ्या वाजवायला सांगितले, तर ती एका हाताने त्याच्या पाठीवर वाजवते.

३. या वर्षी शाळेच्या अखेरीस मुलांकडून मोशेच्या जन्माचे नाटक करून घ्यायचे ठरले. आपणांस ही कथा परिचित नसल्यास थोडक्यात अशी : मिसर म्हणजे इजिप्त देशाचा राजा इब्री, म्हणजे यहुदी, लोकांचे मुलगे मारून टाकण्याचा हुकूम देतो. एक आई आपले तान्हे मूल पेटाऱ्यात घालते, त्याला बाहेरून डांबर लावते आणि नदीकाठच्या लव्हाळ्यात ठेवते. मुलाची बहीण मिर्याम लांब उभी राहून लक्ष ठेवते. गोदाला मिर्याम केले, कारण तान्हे मूल तिच्यापाशी होतेच. पेटारा म्हणून बांधकामावरची बांबूची जुनी पाटी घेतली. तिला मी स्वतः डांबराचे दोन हात दिले, आणि ती तरंगते की नाही हे चर्चच्या हौदात तपासून पाहिले. नाटकाला याची गरज नव्हती. माझा स्वभाव तसा आहे.

४. मुख्य चूक इथे झाली. मुले रंगमंचावर येताच स्वतःचे नाव सांगतात, हसतात, आईला हात करतात. ते होऊ नये म्हणून मी एक नियम केला : तालमीच्या दिवसांत कोणीही, कुठेही विचारले तरी पात्राचेच उत्तर द्यायचे. पाणी पिताना, चपला घालताना मी अचानक विचारत असे, "तू कोण?" "मिर्याम." "बाप?" "अम्राम." "गाव?" "मिसर." ज्याचे उत्तर चुकेल त्याचे केळे त्या दिवशी कापले जाई. गोदाचे केळे एकदाही कापले गेले नाही, कारण त्यातले अर्धे बाळ्या खातो.

५. त्यात मी मूळ कथेत नसलेला एक प्रवेश घातला. राजाचा शिपाई मिर्यामला गाठतो आणि विचारतो, "हे पोर कोणाचं?" तिने म्हणायचे, "माझं नाय. नदीत पाटीत घावलं. आई मला ठाव नाय." शिपायाचे काम आमच्या आवाराच्या राखणदाराने केले, त्याच्या नेहमीच्या खाकी कपड्यांत. मी मुलांना बजावून सांगितले होते की खाकीवाल्याला आई कोण ते कळले तर तो तान्ह्या मुलाला घेऊन जाईल, मग तो गोड बोलो, बिस्कीट देवो वा दरडावो. आमच्या बालसेवेच्या प्रमुख दीनाबाईंनी तेव्हाच हटकले होते. "प्रसन्न, तू यांना गोष्ट सांगतो आहेस का कवायत देतो आहेस? लेकरं आहेत ती, परीक्षानळ्या नव्हेत." मी म्हणालो, परिणाम चांगला येतो आहे. परिणाम खरोखरच चांगला येत होता.

६. दिनांक २७ मे रोजी रंगीत तालीम संपल्यावर मी सरबतासाठी बर्फ आणायला गेलो. मुले आत येताना मी मोजतो. जाताना मोजली नाहीत. गोदाचे वडील त्या दिवशी चिकलठाण्याला एका गुदामाच्या कामावर गेले होते. मिर्यामचा वेष त्यांना दाखवायला जाते, असे सोबतच्या मुलांना सांगून ती भावाला पाटीत ठेवून, पाटी डोक्यावर घेऊन जालना रस्त्याने निघाली. ऊन फार होते, म्हणून ती वाटेतल्या नाल्यावरच्या पुलाखाली सावलीत बसली. तिथे गस्तीवरच्या शिपायाला ती आढळली. अंगावर डोक्यापासून गुंडाळलेली चादर, शेजारी डांबर लावलेली पाटी, पाटीत झोपलेले मूल. शिपायाने विचारले, "हे पोर कोणाचं?"

७. पुढील हकीकत आपल्या कागदांत आहेच. नाव मिर्याम, वडील अम्राम, राहणार मिसर, आईचे नाव सांगत नाही, अर्भक नदीत पाटीत सापडल्याचे सांगते. चौकीवर तिला बिस्कीट देण्यात आले, नंतर दरडावण्यातही आले, आणि दोन्ही वेळा तिने शब्दही बदलला नाही, असे जबाबात नमूद आहे. त्याच संध्याकाळी सांडू व आवडाबाई शोधत त्याच चौकीवर गेले होते. त्यांनी गोदा नावाच्या मुलीची चौकशी केली आणि त्यांना त्या नावाची मुलगी नाही, असे सांगण्यात आले. त्यात चौकीची चूक मला दिसत नाही. मुले तेव्हा आतल्या खोलीत होती. आवडाबाई म्हणतात, "मला आतून बाळ्याचं रडनं आलं व्हतं. पन म्हनलं, दुसऱ्याचं असंल. आपलं कामून आसंल हितं?"

८. तिसऱ्या दिवशी दीनाबाईंनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून मला बोलावले. बातमीत कर्णाची आठवण काढली होती. "नदीने दिलेले बाळ" असा मथळा होता. माझ्या माहितीप्रमाणे ही बातमी वाचून अपत्य नसलेल्या तीन कुटुंबांनी आपल्याकडे अर्ज केले आहेत. नदीने दिलेले मूल शुभ असते, अशी त्यांची भावना आहे. त्यांच्या भावनेचा मी अनादर करत नाही. परंतु मे महिन्यात त्या नाल्यात पाणी नसते. आपल्याच कक्षाने पाणी खात्याकडे विचारणा केली होती आणि पात्र फेब्रुवारीपासून कोरडे असल्याचे त्यांनी लेखी कळवले आहे. त्या पत्रावर "तथापि पाटी तरंगण्यास योग्य आहे काय, ते पाहावे" असा शेरा मारला गेला. त्यानुसार पाटीत ज्वारीचे पोते ठेवून ती पाण्याच्या टाकीत सोडण्यात आली. ती तरंगली. पंचांनी सह्या केल्या. ती तरंगणारच होती, महोदय. मी डांबराचे दोन हात दिले होते.

९. 'मिसर' या गावाबद्दल तीन तहसीलदारांना पत्रे गेली असून एकाकडून "असे गाव या तालुक्यात नाही, मिळते नाव मिटमिटा असे आहे, परंतु ते या तालुक्यात नाही" असे उत्तर आल्याचे मला दाखवण्यात आले. ही विचारणा थांबवावी. हा देश आफ्रिकेत आहे.

१०. दिनांक ५ जून रोजी आपल्या कक्षाने आवडाबाईंना ओळखीसाठी बोलावले. मीही दाराबाहेर होतो. खोलीत आपले कर्मचारी, बालगृहाच्या अधीक्षिका आणि दाराशी एक शिपाई होता. तो नियमाप्रमाणे खाकी गणवेशात होता. गोदाला आणण्यात आले, अर्भक अधीक्षिकांच्या कडेवर होते. तिने आधी दाराकडे पाहिले, मग आईकडे. तिला विचारले, "ही कोण?" ती म्हणाली, "मला ठाव नाय." "ही तुझी आई का?" "नाय." आवडाबाई म्हणाल्या, "गोदे, आगं, म्या हाये. तुही माय हाये. मह्याकडं बघ की." मुलीने बघितले नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हे मी दारातून पाहिले. अर्भकाने आवडाबाईंकडे झेप घेतली आणि त्यांच्या पदरात तोंड खुपसले. नोंदीत त्याबद्दल "अर्भक भुकेले होते" एवढेच आहे. हे वाक्यही खरे आहे.

त्या दिवसापासून आवडाबाईंच्या दाव्यापुढे "मुलीने नाकारले" असा शेरा आहे.

११. त्यानंतर बालगृहाच्या परवानगीने मी गोदाला खिडकीतून भेटलो. मी म्हणालो, "गोदा, नाटक संपलं." तिने माझ्या मागे उभ्या असलेल्या चौकीदाराकडे पाहिले. तोही खाकीत असतो. "कोन गोदा? म्या मिर्याम हाय," असे ती म्हणाली. चौकीदार क्षणभर रांजणाकडे पाणी प्यायला वळला, तेव्हा ती गजांना नाक लावून हळू बोलली, "सर, बरुबर करते ना म्या? शिपाई आजून गेलाच नाय." मी उत्तर देण्याआधी तो परत आला आणि तिने तोंड फिरवले. हे ऐकणारा माझ्याशिवाय कोणीही नाही, त्यामुळे याला पुराव्याची किंमत नाही, हे मी जाणतो. मुलीला पढवत असल्याच्या कारणावरून माझ्या भेटी त्याच दिवसापासून बंद करण्यात आल्या.

१२. मी हा सर्व प्रकार आपल्या कक्षातील वरिष्ठ लिपिक श्री. वैजनाथराव यांना तोंडी सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मला चहाही दिला. मग ते म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणता की पोरीला खोटं बोलायला तुम्ही शिकवलं. आता तुम्ही म्हणता ती खोटं बोलते. मग तुमचं खरं कशावरून मानायचं? उद्या कोणी बाई तुम्हाला हाताशी धरून पोर घेऊन गेली तर?" त्यांच्या जागी असतो तर मीही हेच विचारले असते.

१३. त्यांच्याच सूचनेवरून मी रक्तगट तपासून आणले. सांडू बी, आवडाबाई ओ. आपल्या कागदांप्रमाणे अर्भक बी. हे परस्परांशी जुळते. परंतु रक्तगटाने पालकत्व नाकारता येते, सिद्ध करता येत नाही. बी गटाचे पुरुष या शहरात हजारोंनी आहेत. श्री. वैजनाथराव म्हणाले, "मग हे लिहिता कशाला?" खरे आहे म्हणून लिहितो. गंगापूरच्या रुग्णालयातील जन्माचा दाखला सोबत जोडला आहे. त्यावर "सांडू थोरे यांचे अपत्य, पुरुष" एवढेच आहे. ते अपत्य हेच, हे दाखला सांगू शकत नाही, असे आपल्या पत्रात म्हटले आहे आणि तेही बरोबर आहे. आजूबाजूच्या मजुरांचे जबाबही "एकाच टोळीतील" म्हणून बाजूला ठेवण्यात आले आहेत.

१४. म्हणून माझी विनंती एवढीच आहे. प्रयोगशाळेत एखादा निकाल संशयास्पद वाटला, तर आम्ही बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलतो आणि प्रयोग पुन्हा करतो. ५ जूनची ओळख पुन्हा घ्यावी. तीच खोली, तेच कर्मचारी, तीच बाई. फक्त खोलीत, दाराशी आणि खिडकीतून दिसेल अशा जागी खाकी कपड्यातील कोणी नसावे. शिपायाला हवे तर साधा शर्ट घालून बसवावे. शर्ट मी आणून देईन. मी स्वतः आवारातही असणार नाही, म्हणजे पढवल्याचा आक्षेप राहणार नाही. त्याही वेळी मुलीने आईला नाकारले, तर माझे म्हणणे चूक ठरेल आणि मी पुन्हा अर्ज करणार नाही.

१५. हे लवकर व्हावे, कारण आपल्या पत्रानुसार दिनांक २६ जून रोजी अर्भकाला दुसऱ्या जिल्ह्यातील शिशुगृहात दत्तकासाठी पाठवायचे आहे आणि मुलीला इथेच ठेवायचे आहे. बालगृहाच्या स्वयंपाकीणबाई सांगतात की गोदा रात्री त्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून झोपते. त्याला नेले त्या दिवशी तिच्या दृष्टीने शिपाई जिंकलेला असेल. तिने सर्व काही बरोबर केले असूनही असे का झाले, हे तिला कोण सांगणार, ते मला माहीत नाही. मी सांगू शकत नाही, मला भेटीची परवानगी नाही.

१६. दुसरी गोष्ट लिहिण्यास संकोच वाटतो, परंतु कर्तव्य म्हणून लिहितो. आवडाबाई रोज सकाळी बालगृहाच्या फाटकाशी येऊन बसतात. मूल अंगावर पिणारे आहे. सुरुवातीला दुपार होईपर्यंत त्यांच्या लुगड्याचा पुढचा भाग भिजून जात असे आणि त्या पदर ओढून घेत. हल्ली तो कोरडा असतो. काल त्या दीनाबाईंना म्हणाल्या, "बाई, दूध बी इसरून चाललंय मला." डॉक्टरांच्या मते, पाजणे लवकर सुरू झाले नाही तर ते परत येणार नाही. आपल्या चौकशीला लागेल तेवढा वेळ घ्यावा. पण ही गोष्ट चौकशीसाठी थांबत नाही.

१७. या कारणाने आवडाबाईंनी गेल्या सोमवारी स्वतःच एक मार्ग काढला. बालगृहाच्या फाटकावर "तान्ह्या मुलांसाठी आया पाहिजे, रोजंदारी" असा फलक लागला आहे. तो त्यांनी कोणाकडून तरी वाचून घेतला आणि थेट चर्चमध्ये माझ्याकडे आल्या. "लिवा सर, मला कामाला घ्या म्हनून. पगार बी नको म्हनावं. नातंगोतं काय बी लिवू नका. आई न्हाय म्हनून सांगीन म्या, हजारदा सांगीन. पोरगी सांगती, तर मला सांगाया काय झालं?"

सांडू तिथेच उभे होते.

मी त्यांचा अर्ज लिहून दिला आहे. छापील नमुना आहे. नाव, वय, पत्ता भरला. "लहान मुलांचा अनुभव आहे काय" यापुढे "होय, दोन" लिहिले. शेवटचा रकाना "संस्थेतील कोणा मुलाशी आपले नाते आहे काय" असा आहे. त्याच्यापुढे "नाही" लिहा म्हणून आवडाबाई माझ्या हातातले पेन धरून उभ्या होत्या. "होय" लिहिले तर त्यांना घेणार नाहीत. "नाही" लिहिले तर तो त्यांच्या अंगठ्यासह दुसरा नकार होईल आणि उद्या दत्तकाच्या कागदांना तोच जोडला जाईल. हे मी त्यांना समजावले. त्यांना ते समजले. तरीही त्या म्हणाल्या, "लिवा."

मी तो रकाना रिकामा ठेवला असून त्याखाली त्यांचा अंगठा घेतला आहे. त्यात काय लिहायचे ते लिहिण्याचा अधिकार आपणांस आहे. दिनांक २६ पूर्वी लिहावे.

बोलावाल त्या वेळी, त्या जागी उभा राहणारा व विचाराल ते सांगणारा,

आपला नम्र,
(सही)
प्रसन्न शमुवेल पगारे, बी.एस्सी.
बालसेवा स्वयंसेवक, शांतिदीप मंडळी,
गारखेडा, औरंगाबाद.
दिनांक : १५ जून १९८९

सोबत :
१. नाटकाची हस्तलिखित प्रत (शिपायाच्या प्रवेशावर खूण केली आहे).
२. अर्भकाच्या जन्माचा दाखला, प्रत.
३. रक्तगटांचे अहवाल. हे पुरावा म्हणून धरू नयेत.
४. पांढरा सुती शर्ट, एक. शिपायासाठी. मापाचा नसल्यास कळवावे, बदलून देईन.
५. आवडाबाई सांडू थोरे यांचा आया पदासाठीचा अर्ज, एक रकाना कोरा.